कुठे उभा होतास?

सातवीच्या वर्गाला एकदा मी 'आमच्या गावची जत्रा' हा विषय दिला. बावन्न वह्या घरी आणल्या आणि रात्री जेवणं उरकल्यावर तपासायला बसले. जवळजवळ प्रत्येक वहीत आकाशपाळणा फिरत होता, माणसांचा महासागर उसळला होता, फुगेवाल्याभोवती बाळगोपाळांची झुंबड उडाली होती आणि शेवटी सगळे 'आनंदी मनाने घरी परतले' होते. अडचण एवढीच, की त्या वर्षी आमच्या जत्रेत पाळणा आलाच नव्हता. अवकाळी पावसाने मैदानात चिखल झाला आणि पाळणेवाले ट्रकमधलं सामान न उतरवताच पुढच्या गावाला गेले. वर्गातल्या एकूण एक पोराला हे ठाऊक होतं, त्यावरून त्यांनी दोन दिवस हळहळही केली होती. तरी वहीत पाळणा फिरलाच.

त्यातल्या एका मुलाचा चुलता जत्रेत शेंगदाण्या-फुटाण्यांचा गाडा लावतो. हा पोरगा दोन्ही दिवस त्या गाड्यावर असतो. त्याच्याही वहीत तोच महासागर. दुसऱ्या दिवशी त्याला उभं करून विचारलं, गाड्यावर काय काय असतं रे? गडी बोलायला लागला तो थांबेना. शेंगदाण्यांच्या ढिगावर निखाऱ्यांचं मडकं कशाला ठेवतात, दिवेलागणीला गर्दी वाढायच्या आत कागदाच्या पुड्या कशा करून ठेवाव्या लागतात, पालखी निघाली की पाच-दहा मिनिटं एकही गिऱ्हाईक फिरकत नाही आणि तेवढ्यात चुलता गाड्याच्या चाकाला टेकून बिडी ओढून घेतो. म्हटलं, मग हे का नाही लिहिलंस? तर म्हणाला, "बाई, ते कुठं निबंधात असतंय?"

डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि निबंधात लिहायचं ते वेगळं, हे बाराव्या वर्षी त्याला इतकं पक्कं कळलेलं होतं. असं आपोआप कळत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं. ते आम्ही शिकवलं, मराठीच्या शिक्षकांनी.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना आपण वर्णन करायला शिकवतच नाही, सजवायला शिकवतो. आणि परिच्छेदाची बांधणी म्हणून जे देतो तो एक साचा असतो, ज्यात कुठलीही जत्रा, कुठलाही पाऊस, कुणाचीही आई ओतता येते. त्या वयाला मुलाला एकच गोष्ट नीट यायला हवी: आपण पाहिलेलं आठ-दहा वाक्यांत अशा क्रमाने मांडणं, की न पाहिलेल्या माणसाला ते दिसावं. बाकी सगळं लेखन यातून पुढे येतं. हे आलं नाही तर बाकीचं नुसतं पाठांतर.

मराठीबद्दल आपण सध्या कमी बोलत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. त्याआधी २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. पहिलीपासून हिंदी असावी का, यावर २०२५ चा उन्हाळा तापला आणि शासनाला आदेश मागे घ्यावे लागले. या सगळ्यात माझीही मतं आहेत आणि ती गुळमुळीत नाहीत. पण हे सगळं भांडण वेळापत्रकातल्या चौकटीवरचं आहे. त्या चौकटीत कुठल्या भाषेचं नाव असावं, किती तासिका असाव्यात, एवढंच. त्या तासिकेत मुलाचा हात कागदावर काय करतो, याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही. 'असर' हा मुलांच्या शिकण्याची पाहणी करणारा अहवाल आला की वर्तमानपत्रांत चर्चा होते, तीही वाचन आणि गणिताची. त्या चाचणीत मुलाला परिच्छेद वाचता येतो का हे बघतात. लिहिता येतो का, हे बघत नाहीत. जे मोजलं जात नाही ते शिकवलंही जात नाही, हा आपल्याकडचा जुना व्यवहार आहे.

परीक्षेत लेखनाला गुण नाहीत असं मात्र नाही. दहावीला २०१८-१९ पासून कृतिपत्रिका आली, म्हणजे नुसत्या प्रश्नांऐवजी कृती करायला सांगणारी प्रश्नपत्रिका. मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक. कृतिपत्रिकेवर टीका करायची फॅशन आहे, मी त्यात नाही. जुन्या 'खालीलपैकी एका विषयावर निबंध लिहा' यापेक्षा ती नक्की बरी. लेखन जगण्यात कुठेतरी कामाला येतं एवढं तरी ती मान्य करते. पण या २४ गुणांत मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं असं एकही ठिकाण नाही. प्रसंगलेखन त्याच्या सगळ्यांत जवळ जातं, आणि तिथेही चौकटीत एक निमंत्रणपत्रिका किंवा सूचनाफलक छापलेला असतो. 'या कार्यक्रमाला तुम्ही उपस्थित होता अशी कल्पना करून' लिहायचं. म्हणजे वृक्षारोपणाला न गेलेली मुलं वृक्षारोपणाचं वर्णन करतात. प्रमुख पाहुण्यांनी मौलिक विचार मांडले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आभारप्रदर्शनाने सांगता झाली. हे गाईडमध्ये तयार मिळतं आणि फक्त झाडाच्या जागी पुस्तक घातलं की ग्रंथदिनालाही चालतं.

गाईडवाल्यांना तरी किती दोष द्यायचा? दहावीला दरवर्षी पंधरा लाखांहून जास्त मुलं बसतात. एवढ्या मुलांना जे हवं ते कुणीतरी विकणारच. आता तर गाईडही नको. मोबाइलला 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटलं की अर्ध्या मिनिटात निळेशार आभाळ, मातीचा सुगंध आणि हिरवा शालू नेसलेली धरती हजर. मला त्याचा राग येत नाही, उलट हसू येतं. ते यंत्र अगदी आमच्या हुशार मुलांसारखंच लिहितं. आम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून जे लिहून घेतलं ते यंत्राला इतकं सोपं जावं, यातच कळायचं ते कळलं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. परिच्छेद ही मुळात इंग्रजीकडून आलेली वस्तू आहे, मराठी माणूस सलग बोलतो, सलग लिहितो, त्याला कशाला त्या चौकटी? अर्धी गोष्ट खरी आहे. मोडीच्या कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला शब्द लटकवत जायचे, मध्ये ना जागा ना विराम. आपण आज वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर रुळली. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मधली आहे. त्याआधी १८३२ पासून 'दर्पण'सारखी पत्रं निघू लागली होती आणि छापील स्तंभात सलग मजकूर वाचणं किती जड जातं ते लोकांना कळू लागलं होतं. तर हो, नव्या ओळीवर दोन बोटं जागा सोडून सुरुवात करायची रीत बाहेरून आली.

पण क्रमाने दाखवणं बाहेरून आलेलं नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' बघा, चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची ती नोंद. गावाच्या कुठल्या बाजूला देऊळ, देवळाचं दार कुठल्या दिशेला, आत शिरल्यावर स्वामींची जागा कुठे, तिच्यापासून पुढची जागा कुठे. विशेषणं जवळजवळ नाहीत. 'रम्य', 'मनोहर' असलं काही सांगायची गरज पोथीकाराला वाटली नाही, कारण त्याचा वाचक रम्य काही शोधायला निघालेला नव्हता. त्याला ती नेमकी जागा सापडायला हवी होती, आणि तिच्यावर डोकं टेकवायचं होतं. त्या नोंदी धरून लोक अजूनही त्या जागांवर जातात. सातशे वर्षांपूर्वी मराठीत वर्णनाची शिस्त अशी होती, आणि अभिजात दर्जाच्या आनंदात आपण जे जुनं वाङ्मय मिरवतो त्यात हेही बसतं. मुलांना परिच्छेद शिकवायला परदेशातून काही आणावं लागत नाही.

आणतात मात्र. शहरातल्या बऱ्याच शाळांत आता परिच्छेद बर्गरचं चित्र काढून शिकवतात. वरचा पाव म्हणजे विषय सांगणारं वाक्य, मध्ये तपशिलाच्या चकत्या, खालचा पाव म्हणजे समारोप. एका प्रशिक्षणात आम्हालाही ते दाखवलं, आणि एका उत्साही गुरुजींनी लगेच पावाच्या जागी भाकरी काढली. भाकरीने फारसा फरक पडत नाही. ही रीत अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. 'शाळेत मोबाइल असावा का' असा परिच्छेद लिहायचा तर आधी मत, मग कारणं, मग निष्कर्ष हा क्रम उपयोगीच पडतो. पण वर्णनात पहिलं वाक्य मताचं घातलं की घात होतो. 'आमच्या गावची जत्रा फार मजेशीर असते' असं लिहून झालं, की पुढे बघायला उरतं काय? मुलगा मजा शोधत सुटतो. मजा म्हणजे पाळणा. पाळणा नसला तरी पाळणा.

वर्णनाच्या पहिल्या वाक्याने मत सांगू नये, जागा सांगावी. म्हणून हल्ली मी कुठल्याही वहीवर एकच प्रश्न लिहिते: कुठे उभा होतास? किंवा कुठे उभी होतीस? मुलांना तो आता इतका पाठ झाला आहे, की मैदानात भांडण सांगायला आलेल्या मुलालाही मागची मुलं हेच विचारतात.

या प्रश्नाची ताकद मला पोषण आहाराच्या खोलीपाशी कळली. खिचडी शिजते ती खोली, तिच्यासमोर ओट्यावर ओळीने नळ, बाजूला चिंच. मी वर्गाला तिथे नेलं आणि म्हटलं, तुम्हाला हवं तिथे उभे राहा, पण एकदा उभे राहिलात की जागा बदलायची नाही. दहा मिनिटं बघा, मग वर्गात जाऊन आठ वाक्यं लिहा. 'सुंदर', 'छान', 'खूप' हे शब्द बंद. जे दारात उभे होते त्यांच्या परिच्छेदात आधी वाफ आली, मग पातेलं, मग वाफेतून बाहेर आलेला मावशींचा हात आणि त्यातला झारा. जे चिंचेखाली उभे होते त्यांना स्वयंपाक दिसलाच नाही, रांग दिसली. पहिलीची पोरं ताटली डोक्यावर टोपीसारखी धरतात आणि सातवीची पाठीमागे लपवतात, हे त्यांच्यातल्या एकीने टिपलं. मी त्या शाळेत अकरा वर्षं आहे, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. नळाजवळ उभ्या राहिलेल्या एका मुलाने तर फक्त आवाज लिहिले. कोरडी ताटली नळाखाली धरल्यावर पहिला आवाज मोठा येतो आणि ती भरत गेली की बारीक होतो, असं एक वाक्य त्यात होतं. त्याच खिचडीचे पन्नास परिच्छेद होते आणि दोन परिच्छेद एकसारखे नव्हते. बांधणी मी शिकवली नव्हती. एकाच जागी उभं राहिल्यामुळे ती आपोआप आली. जवळचं आधी, लांबचं नंतर, किंवा मोठं आधी आणि बारीक नंतर, किंवा आधी घडलं ते आधी. मग मी फळ्यावर तिन्ही प्रकार मांडले आणि विचारलं, तुझा कुठला? नियम आधी सांगून उदाहरण मागण्यापेक्षा हे उलटं बरं पडतं.

यापुढची गाठ खास मराठीची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वर्णन लिहिणाऱ्या मुलाची सगळी वाक्यं एकाच जागी येऊन आपटतात. एका मुलीने आजीवर लिहिलेला पहिला खर्डा असा होता: 'सकाळची वेळ होती. आजी चुलीपुढे बसली होती. चुलीत लाकडे जळत होती. सगळीकडे धूर पसरला होता. भाकरीचा खमंग वास येत होता.' होती, होती, होती, होता, होता. मी याला होतीचा आजार म्हणते. यात चुकीचं काहीच नाही, लाल शाईला धरायला जागा नाही, आणि तरी वाचताना डुलकी येते. इंग्रजी परिच्छेदाचे नियम इथे कामाला येत नाहीत, कारण हा आजार त्या भाषेला होतच नाही.

औषध आपल्याच व्याकरणात आहे. जे नेहमी घडायचं त्यासाठी मराठीत वेगळं रूप आहे. बोलताना आपण 'फिरवायची' म्हणतो, जुन्या पुस्तकात 'फिरवी' असतं. पुस्तकात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात आणि परीक्षेत ते 'काळ ओळखा' एवढ्यासाठी येतं. मुलं ओळखतात, गुण मिळतो, विषय संपतो. हे हत्यार आहे, लिहिताना हातात धरायचं असतं, हे कुणी त्यांना सांगत नाही. दुसरं औषध, क्रियापद गाळण्याची मुभा. 'दारात आजी. हातात काठी.' मराठीत हे पूर्ण वाक्य आहे, त्यात अपुरं काही नाही. तिसरं औषध मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे शब्दांचा क्रम. 'आजीने भाकरी तव्यावर टाकली', 'भाकरी आजीने तव्यावर टाकली', 'तव्यावर आजीने भाकरी टाकली'. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींनी दिलेली बातमी एक नाही. माहीत असलेलं आपण आधी ठेवतो आणि नवं क्रियापदाच्या जवळ नेतो. मग पुढच्या वाक्याला ते नवं जुनं झालेलं असतं, ते सुरुवातीला घेता येतं. परिच्छेदातली वाक्यं एकमेकांना अशी धरतात. 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'शिवाय' हे जोडशब्द सांधा मुळातच निखळला असेल तर काही करू शकत नाहीत.

त्याच मुलीचा तिसरा खर्डा देते. आजी आदल्या वर्षी वारली होती.

'आमच्या चुलीचं तोंड दाराकडं आहे, म्हणून दारात उभं राहिलं की आधी धूर लागतो. धुराच्या मागं आजी. ती भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायची. ते पाणी आटेपर्यंत पुढच्या भाकरीचा गोळा तिच्या हातात तयार असायचा. तिसरी भाकरी फुगली की ती मागं न बघता म्हणायची, ये, बस.'

पाच वाक्यं तशीच पाच राहिली. पहिल्यात जागा आली. 'पाण्याचा हात' तिसऱ्या वाक्यात नवा होता, चौथ्यात 'ते पाणी' झाला आणि काळ मोजायचं माप बनला. पहिल्या खर्ड्यातला 'खमंग' गेला. आणि आजीबद्दलचं प्रेम कुठे लिहिलेलं नाही, ते त्या 'मागं न बघता'मध्ये आहे. हे मी तिला समजावून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, यावर माझं मन अजून ठरत नाही.

त्या खर्ड्यातलं 'दाराकडं' आणि 'मागं' मी खोडलं नाही, यावरून स्टाफरूममध्ये वाद झाला. प्रमाण मराठीत 'दाराकडे', 'मागे'. मान्य. परीक्षेत तसंच लिहावं लागेल, हेही तिला सांगितलं. पण पहिल्या खर्ड्यावर अशी लाल शाई फिरवण्याची किंमत फार मोठी पडते, कारण मुलांच्या बोलीत फक्त वेगळे प्रत्यय नसतात, नेमकी नामं असतात. वर्णन विशेषणांवर उभं राहत नाही, नामांवर राहतं. शेतकऱ्याच्या मुलाला 'वाफसा' माहीत असतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला अगदी बेताची ओली, ती अवस्था. त्या एका शब्दात 'पावसाने धरती तृप्त झाली होती' अशा दहा ओळी मावतात. तो लिहिताना 'वाफसा' टाकून 'तृप्त' घेतो, कारण त्याला वाटतं 'वाफसा' निबंधात नसतो. शहरातल्या मुलांचंही तेच. मुंबईच्या मुलीला लोकलमधली चौथी सीट माहीत असते, अर्धं बूड बाहेर ठेवून बसायची. 'तुम्ही कुठे उतरणार' असं विचारून समोरच्या बाईची जागा आधीच धरून ठेवायची रीत तिला ठाऊक असते. तिच्या वहीत मात्र 'रेल्वे ही मुंबईची जीवनवाहिनी आहे'. ज्या शब्दांवर तिचा हक्क आहे ते ती डब्यातच ठेवून येते.

यावर माझ्या सहकाऱ्यांची दोन उत्तरं असतात आणि दोन्हींत दम आहे. एक, मुलांना चांगली, सुंदर मराठी यायला नको का? उपमा, उत्प्रेक्षा, चार कवितांच्या ओळी तोंडपाठ असणं हा संस्कार नाही का? आहे. पाठांतराच्या मी विरोधात नाही, माझं स्वतःचं बरंचसं मराठी पाठांतरावर उभं आहे. पण उपमा ही दोन पाहिलेल्या गोष्टींमधली असते. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याने गर्दीला महासागर म्हटलं तर ती उपमा नव्हे, उसनवारी. आमच्या भागातल्या पोरांनी गर्दीला धरणाचे दरवाजे उघडल्यावर येणाऱ्या लोंढ्याची उपमा द्यावी, तो त्यांनी पुलावर उभं राहून पाहिलेला असतो.

दुसरं उत्तर वेळेचं. हे खरं अवघड आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माझ्या तुकडीत बावन्न आहेत. एक परिच्छेद नीट वाचून त्यावर काही उपयोगी लिहायला पाच मिनिटं धरली तर एका तुकडीला चार तास वीस मिनिटं लागतात. तुकड्या तीन. त्यात निवडणुकीची कामं, पोर्टलवर माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज. तीन-तीन खर्डे तपासा म्हणणारी बाई कुठल्या जगात राहते, असं कुणी विचारलं तर मला वाईट वाटत नाही.

म्हणून मी सगळं तपासणं सोडलं. एका आठवड्याला एकच गोष्ट बघते. या आठवड्यात फक्त पहिलं वाक्य: जागा आली का? पुढच्या आठवड्यात फक्त क्रियापदं. शुद्धलेखनाला स्वतःचा आठवडा असतो, त्याने बाकीच्या आठवड्यांत तोंड घालायचं नाही. असं केलं की एका वहीला अर्धं मिनिट पुरतं. दुसरं म्हणजे मुलं जोडीने एकमेकांचं मोठ्याने वाचतात. होतीचा आजार डोळ्याला दिसत नाही, कानाला लगेच कळतो. आणि वर्षाला पंधरा निबंधांऐवजी सहा परिच्छेद, प्रत्येक परिच्छेद तीनदा. पालकांना वही रिकामी वाटते. मुख्याध्यापकांनाही सुरुवातीला वाटली. पंधरा विषय 'पूर्ण' झाल्याचं वहीत दिसत नाही, हे खरं. पण ते पंधरा निबंध खरं तर एकच निबंध असतो, पंधरा मथळ्यांचा.

गुणांची हमी मी देत नाही. दहावीचा कागद तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, आणि 'टाळ्यांचा कडकडाट' दिसला की त्याला ओळखीचं वाटतं. म्हणून मंडळाकडे माझं मागणं छोटंसं आहे. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतल्या एकाला जे लेखनकौशल्याचे आठ गुण आहेत, त्यांत आणखी एक पर्याय द्या, ज्याचं उत्तर आधी तयार करता येणार नाही. 'परीक्षेला येताना तुम्ही ज्या वाटेने आलात तिच्यावरची एक जागा अशी लिहा, की वाचणाऱ्याला ती सापडावी.' तपासणाऱ्याला सूचना द्या, की क्रम आणि नेमकेपणा यांना गुण, सुविचाराला नाही. एका वर्षात गाईडवाले 'परीक्षेची वाट' छापतीलच. पण प्रत्येक मुलाची वाट वेगळी असते, तिथे त्यांनाही थोडे कष्ट पडतील.

तोवर सहावी ते आठवी ही तीन वर्षं आपल्या हातात आहेत. तिथे बोर्ड नाही. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, शिक्षकाला बरीच मोकळीक आहे. एक परिच्छेद तीनदा लिहून घेतला आणि त्यात काय बदललं याची नोंद केली, तर तो नियमात बसणारा प्रकार आहे. कुणाची परवानगी लागत नाही.

आणि इथे मला माझ्याच वहीकडे यावं लागतं. त्या आकारिक मूल्यमापनात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची असते. हा शब्द शासनाचाच आहे, वर्णनात्मक. मूल काय करतं, कसं करतं, कुठे अडतं, हे पाहून लिहायचं. त्याच्या तयार याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात, विषयवार, इयत्तावार. 'कविता तालासुरात गातो.' 'स्वतःचे विचार स्पष्टपणे मांडते.' 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो.' आम्ही त्या उतरवून काढतो. मीही वर्षानुवर्षं उतरवल्या. त्या गाड्यावरच्या मुलाच्या नोंदीत मी काय लिहिलं होतं ते नंतर काढून बघितलं: 'अनुभवकथन करतो.' निखाऱ्यांचं मडकं नाही, बिडी नाही. माझ्याही वहीत पाळणाच होता.

गेल्या सत्रात ठरवलं, यादी उघडायची नाही. प्रत्येक मुलाबद्दल दोन वाक्यं, पाहिलेली. दोन संध्याकाळ बसले. बावन्नपैकी अकरा मुलांच्या नोंदी लिहून झाल्या. बाराव्या मुलीच्या नावापुढे पेन थांबलं. ती तिसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसते एवढंच मला सांगता येत होतं, आणि रजिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. उरलेल्या एक्केचाळीस मी यादीतून उतरवल्या. या सत्रात त्या बाराव्या मुलीपासून सुरुवात केली आहे.